‘बेळगावकर’चं ‘बेळगावीकर’ कसं झालं: सेटिंगच्या फायली टर्मिनलमधून बदलताना

शहापुरातल्या एका किराणा दुकानात एका सकाळी ‘बेळगावीी बासमती’ विकला गेला. एका ‘व’ला दोन वेलांट्या, आणि त्यातली मागची ठिपक्यांच्या गोलावर बसलेली. बिल छापणाऱ्या यंत्राचा काही दोष नव्हता, दिलं ते त्यानं छापलं. दिलं होतं मी.

१ नोव्हेंबर २०१४ला कर्नाटक सरकारनं १२ शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं. घरात आणि गल्लीत आम्ही बेळगावच म्हणतो, तो वाद इथं काढत नाही. पण बिलावर नवं नाव हवं असं दुकानदार एकेक करून सांगायला लागले. बिलाच्या सेटिंगच्या फायली माझ्याकडं, दुकानं तेवीस. प्रत्येक फाईल उघडा, शोधा, बदला, जतन करा, असं कोण करत बसणार? टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहिली: जिथं ‘बेळगाव’ दिसेल तिथं ‘बेळगावी’ कर. अर्ध्या सेकंदात काम झालं आणि मी जेवायला गेलो.

त्या ओळीनं काय काय केलं ते कळण्यासाठी आधी फाईल बघा. थोडी छाटून देतोय:

{
  "दुकान": {
    "शहर": "बेळगाव",
    "तालुका": "बेळगाव"
  },
  "माल": [
    { "नाव": "बेळगावी बासमती", "एकक": "किलो", "भाव": ८० },
    { "नाव": "बेळगावचा कुंदा", "एकक": "डबा", "भाव": २०० }
  ],
  "उधारी": ["बेळगावकर", "येळ्ळूरकर"]
}

(भाव इथं देवनागरीत छापलाय. खऱ्या फाईलमध्ये आकडे रोमनच लागतात, नाहीतर संगणक ती संख्या मानत नाही.)

शहर बदललं, ते हवंच होतं. पण बासमती आधीच ‘बेळगावी’ होता, त्याच्या ‘बेळगाव’ एवढ्या भागाला वेलांटी लागली आणि मूळची वेलांटी मागं लोंबत राहिली. कुंदा ‘बेळगावीचा’ झाला. आणि उधारीच्या यादीतले बेळगावकर झाले बेळगावीकर. संध्याकाळी काउंटरवरनं फोन: “अरे, माणसाचं आडनावच बदललास की! आता उधारी मागू कुणाकडं?”

हा लेख त्या ओळीबद्दल आहे, आणि तिच्याऐवजी काय लिहायला हवं होतं त्याबद्दल.

अक्षरं बघणारं साधन

मी वापरलं ते साधन म्हणजे सेड. ली मॅकमहन यांनी ते बेल लॅब्समध्ये १९७३-७४च्या सुमारास लिहिलं, आणि आजही जवळपास प्रत्येक लिनक्स आणि मॅकमध्ये ते हजर असतं. मजकूर एकेक ओळ करून त्याच्यासमोरून जातो. सांगितलेला नमुना दिसला की ते बदलतं आणि पुढची ओळ घेतं. ओळीत कंस आहे, अवतरण आहे, हे आडनाव आहे की गावाचं नाव, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. येळ्ळुरात जाऊन नुसतं “पाटलांचं घर” विचारलं तर काय होईल, तसंच.

इंग्रजीत काम करणारे म्हणतात, शब्दाची हद्द सांगून टाक, म्हणजे पूर्ण शब्दच बदलेल. मराठीत तेवढ्यानं भागत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात: बेळगावला, बेळगावात, बेळगावचा. हद्द सांगितली तर हे सगळे तसेच राहतात, नाही सांगितली तर ‘बेळगावीला’ होतं. शिवाय तीच ओळ चुकून दुसऱ्यांदा चालवली तर ‘बेळगावी’चं ‘बेळगावीी’ होणारच, कारण नव्या नावाच्या पोटात जुनं नाव आहे. सेटिंग बदलणारी आज्ञा एकदा चालवा नाहीतर दहादा, निकाल तोच यायला हवा. माझी ओळ पहिल्याच वेळी त्यात नापास झाली.

सेड वाईट आहे असं मात्र नाही. एका ओळीत एकच सेटिंग, डावीकडं नाव, बरोबरचं चिन्ह, उजवीकडं किंमत, असल्या साध्या फायलीत ते उत्तम चालतं. अट एकच: नमुना ओळीच्या सुरुवातीला बांधून लिहायचा, म्हणजे मधेच कुठंतरी सापडलेलं नाव बदलणार नाही. आणि मॅकवर काम करत असाल तर एक खोड लक्षात ठेवा. तिथल्या सेडला जागच्या जागी बदल करायला सांगताना जुन्या प्रतीचं शेपूट काय ठेवायचं हेही सांगावं लागतं, मग ते रिकामं का असेना. लिनक्सवरची आज्ञा तशीच चिकटवली तर मॅकवर ती रुसते.

पत्ता बघणारं साधन

वरच्या फाईलकडं पुन्हा बघा. ती ओळींची यादी नाही. मोठ्या पेटीत छोट्या पेट्या आहेत. ‘दुकान’ नावाच्या पेटीत ‘शहर’ आहे. ‘माल’मध्ये एकामागं एक वस्तू आहेत. या मांडणीला जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोकांसमोर आणली. प्रत्येक गोष्टीला इथं एक नेमका पत्ता असतो. पाकिटावर आपण गल्ली, गाव, तालुका, जिल्हा लिहितो, तसाच, फक्त उलटा: मोठ्याकडून लहानाकडं जाणारा.

हा पत्ता समजणारं साधन म्हणजे जेक्यू. स्टीफन डोलन यांनी ते २०१२ मध्ये आणलं. मला लिहायला हवी होती ती ओळ अशी (साधनांची आणि आज्ञांची नावं इथं देवनागरीत छापलीत, टर्मिनलमध्ये ती रोमनच लागतात):

जेक्यू '."दुकान"."शहर" = "बेळगावी"' बिल.जेसन

टिंब म्हणजे “आत जा”. आधी दुकानात जा, मग शहरात जा, आणि तिथं जे असेल त्याच्या जागी हे ठेव. बासमतीला, कुंद्याला, उधारीला हात लागत नाही, कारण ते त्या पत्त्यावर राहतच नाहीत. दहादा चालवा, शहर ‘बेळगावी’च राहील. तालुका बदलायचा असेल तर तो वेगळा सांगावा लागतो, आणि ते बरंच आहे. काय बदलायचं याचा निर्णय आपण घेतो, अक्षरांचा योगायोग घेत नाही.

नावं रोमन अक्षरांत असती तर आतली दुहेरी अवतरणं लागली नसती. देवनागरी नावांना ती घालावीच लागतात. बाहेरची एकेरी अवतरणं जेक्यूसाठी नसतात. ती टर्मिनलसाठी असतात, आतल्या मजकुरात त्यानं नाक खुपसू नये म्हणून.

यादीतल्या वस्तूला क्रमांकानं हाक मारता येते, पण मोजणी शून्यापासून: बासमती शून्यावा, कुंदा पहिला. मी क्रमांक टाळतो. उद्या कुणी वर तूरडाळ घातली की क्रमांक सरकतात आणि कुंद्याचा भाव बासमतीला लागतो. त्यापेक्षा ओळख सांगावी:

(."माल"[] | सिलेक्ट(."नाव" == "बेळगावचा कुंदा") | ."एकक") = "पाव किलो"

वाचायचं असं: मालातली प्रत्येक वस्तू घे, जिचं नाव हे आहे तीच ठेव, तिच्या एककाकडं जा, आणि या सगळ्या वाटेच्या टोकाला ही किंमत ठेव. रिकामा चौकोनी कंस म्हणजे “प्रत्येक”, उभी रेघ म्हणजे “मग”. कंसातली अख्खी वाट पत्ता आहे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं जेक्यू आलं. सगळ्या भावांत २ रुपये वाढवायचे असतील तर ."माल"[]."भाव" += २ एवढंच पुरतं. एखाद्या वस्तूचा भाव कुणी अवतरणात, म्हणजे मजकूर म्हणून लिहून ठेवला असेल तर जेक्यू तिथं थांबतं आणि मजकूर व संख्या यांची बेरीज होत नाही म्हणून सांगतं. सेडनं तोंडातनं शब्द काढला नसता.

रिकामी झालेली फाईल

हे शिकल्यावर मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडली.

जेक्यू फाईल बदलत नाही. बदललेला मजकूर पडद्यावर टाकतं, आणि मूळ फाईल तशीच राहते. सेडसारखी जागच्या जागी बदलण्याची सोय त्यात नाही. मग मी सुचलं ते केलं: शेवटी ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह टाकून निकाल त्याच फाईलमध्ये वळवला. फाईल शून्य बाइटची झाली.

असं का होतं? ते चिन्ह जेक्यू बघतच नाही. ते टर्मिनलमधलं शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बघतं, आणि जेक्यू सुरू करायच्या आधी बघतं. निकाल अमुक फाईलमध्ये टाकायचाय असं दिसलं की शेल ती फाईल उघडून पुसून तयार ठेवतं. त्यानंतर जेक्यू उठतं, तीच फाईल वाचायला जातं, आणि तिथं काहीच नसतं. जेवायला बसायच्या आधीच कुणीतरी ताट घासून ठेवावं, तसं.

याच्यावर आणखी एक गंमत. रिकामी फाईल दिली तर जेक्यू तक्रार करत नाही. वाचायला काही नव्हतं, लिहायला काही नाही, काम यशस्वी, असं ते कळवतं. त्यामुळं तेवीस फायलींच्या फेरीत एक रिकामी फाईल असली तर ती यशस्वी म्हणूनच मोजली जाते. म्हणून जेक्यूला वजा ई हा पर्याय द्यावा. निकालात काहीच आलं नाही तर मग ते अपयश कळवतं.

बरोबर रीत अशी: निकाल त्याच फोल्डरमधल्या एका तात्पुरत्या फाईलमध्ये काढायचा, मग दोन अँपरसँड चिन्हं, मग त्या तात्पुरत्या फाईलला मूळ नाव द्यायचं. दोन अँपरसँडचा अर्थ, आधीचं काम नीट झालं तरच पुढं जा. त्याच फोल्डरमध्ये अशासाठी की एकाच डिस्कवरच्या विभागात नाव बदलणं हे एका झटक्यात होतं. त्या क्षणी कुणी फाईल वाचली तर त्याला पूर्ण जुनी मिळते किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. बिल छापायचं चालू असताना ही गोष्ट फार मोलाची आहे. ज्यांना ही कसरत नको त्यांच्यासाठी मोअरयुटिल्स नावाच्या संचात स्पंज म्हणून छोटं साधन आहे. ते आधी सगळा निकाल पिऊन घेतं, आणि मगच फाईलला हात लावतं.

या रितीलाही एक फट आहे. तात्पुरती फाईल ही नवी फाईल असते, तिला मालकी आणि परवानग्या नव्या मिळतात. मूळ फाईलमध्ये पासवर्ड असेल आणि ती फक्त मालकाला वाचता येत असेल, तर नवी कदाचित सगळ्यांना वाचता येईल. परवानग्या आधी बघून ठेवाव्या, नंतर तपासाव्या. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात, एकच फाईल आत जोडून दिली असेल तर नवी फाईल असणंच नडतं. बाहेर नाव बदललं तरी आतला डबा जुन्याच फाईलला धरून बसतो आणि तुम्ही “बदललंय की, मग दिसत का नाही” म्हणत राहता.

चुकलेला पत्ता आणि ‘गिऱ्हाईक’

पत्ता चुकला तर जेक्यू ओरडेल असं वाटतं. वाचताना ते ‘नल’ म्हणजे “इथं काही नाही” एवढंच सांगतं. लिहिताना तेही नाही. ‘शहर’ऐवजी ‘शहार’ लिहिलंत तर ते आनंदानं ‘शहार’ नावाची नवी पेटी बनवतं, तिच्यात ‘बेळगावी’ ठेवतं, आणि बिलावर जुनंच नाव छापून येतं. म्हणून आधी नुसता पत्ता देऊन काय मिळतं ते बघायचं, मिळालं तर मगच बरोबरचं चिन्ह लावायचं. ही सवय मला एका शब्दानं लावली.

शब्द होता गिऱ्हाईक. एका फाईलमध्ये ‘गिऱ्हाईक’ नावाची पेटी होती, मी पत्त्यात ‘गिऱ्हाईक’ लिहिलं, आणि फाईलमध्ये दोन ‘गिऱ्हाईक’ झाले. डोळे फाडून बघितलं, दोन्ही अगदी सारखे. फरक त्या अर्ध्या ‘र’च्या आत होता. तो साठवायची पद्धत एकच नाही. कुणी नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडतं, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारा जोडक. कोणता कळफलक, त्यावर ठरतं. पडद्यावर एकच आकार, आत निराळे संकेत, आणि जेक्यू संकेत बघतं. तेव्हापासून पेट्यांची नावं मी रोमनमध्येच ठेवतो, आतला मजकूर मराठीत. या लेखात देवनागरी नावं दिलीत ती वाचायला सोपी जावीत म्हणून.

मोठ्या संख्यांचंही सांगून ठेवतो. जेक्यूच्या जुन्या आवृत्त्या, २०२३ मध्ये १.७ येईपर्यंतच्या, प्रत्येक संख्या एका ठरावीक साच्यात घालतात. तो साचा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका धरतो. त्याच्यावरच्या संख्येचे शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात, तुम्ही तिला हात लावला नसला तरी. सतरा-अठरा अंकी बँक खाते क्रमांक अवतरणांशिवाय लिहिला असेल तर शहराचं नाव बदलता बदलता पैसे भलत्याच खात्याकडं निघतील. ज्या आकड्याची बेरीज करायची नाही तो आकडा अवतरणात. खाते क्रमांक, पिनकोड, फोन, सगळे.

आणि दुकानाचं नाव बाहेरून, म्हणजे शेलमधल्या एखाद्या चलातून द्यायचं असेल तर ते थेट आज्ञेत चिकटवू नका. नावातच अवतरण चिन्ह निघालं की आज्ञा मोडते. जेक्यूला आर्ग नावाचा पर्याय आहे. त्यातून दिलेली किंमत कशीही असली तरी निव्वळ मजकूर म्हणूनच आत जाते.

बेळगाव ०८३१, कोल्हापूर ०२३१

आता यॅमल. कंस आणि अवतरणं टाळून नुसत्या मोकळ्या जागेनं पेटीत पेटी दाखवणारी ही मांडणी २००१ मध्ये आली. वाचायला सुरेख, त्यामुळं सर्व्हरच्या जगात ती सगळीकडं आहे. मला ती आवडत नाही, आणि कारण आमचेच दोन एसटीडी कोड.

यॅमलमध्ये अवतरणं ऐच्छिक असल्यामुळं हा मजकूर की ही संख्या, हे वाचणारं साधन अंदाजानं ठरवतं. त्या अंदाजाचे नियम १.१ आवृत्तीत एक होते, २००९च्या १.२ मध्ये दुसरे झाले, आणि दोन्ही नियम पाळणारी साधनं आजही वापरात आहेत. निपाणीच्या एका व्यापाऱ्याच्या फाईलमध्ये दोन शाखांचे कोड अवतरणांशिवाय लिहिले, समजा. कोल्हापूरचा ०२३१ जुन्या नियमात अष्टमान, म्हणजे आठाच्या पायाची, संख्या ठरतो, कारण सुरुवातीला शून्य आणि पुढं सगळे अंक ७ पर्यंतचे. म्हणजे २ गुणिले ६४, अधिक ३ गुणिले ८, अधिक १: उत्तर १५३. बेळगावचा ०८३१ त्याच नियमात सुटतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून तो मजकूर राहतो. एकाच फाईलमध्ये, एकाखाली एक, कोल्हापूर १५३ आणि बेळगाव ०८३१. नव्या नियमात दोघांचंही पुढचं शून्य उडतं, २३१ आणि ८३१. सीमेच्या अलीकडं पलीकडं नियम बदलतो हे आम्हाला नवं नाही, पण फाईलमध्येही?

दुकान उघडण्याची वेळ ९:३० लिहिली तर जुन्या नियमात ती साठ-साठच्या हिशेबानं ५७० होते. ०९:३० लिहिली तर होत नाही, शून्यामुळं वाचते. ‘नो’ हा इंग्रजी शब्द तिथं नकार ठरतो, म्हणून नॉर्वेचा दोन अक्षरी कोड देशांच्या यादीतून नाहीसा होण्याचा किस्सा सर्व्हरवाल्यांत प्रसिद्ध आहे. यॅमल लिहावंच लागलं तर अवतरणं घाला, हात आखडू नका. आणि ओळी आत सरकवताना टॅब वापरू नका, यॅमलला तो चालत नाही.

यॅमलसाठीचं साधन वायक्यू. इथं फसायला होतं कारण या नावाची दोन निराळी साधनं आहेत. एक माइक फाराह यांचं, गो भाषेतलं. दुसरं आंद्रेई किस्ल्यूक यांचं, पायथनमधलं, ते यॅमलचं आधी जेसन करून जेक्यूकडं देतं. दुसऱ्यातून फाईल काढून पुन्हा यॅमल केलं की तुमच्या टिपा गेल्या, कारण जेसनमध्ये टिपेला जागाच नाही. ‘हा आकडा बदलू नका, प्रिंटर अडकतो’ असं कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं असतं, तेच नेमकं पुसलं जातं. गो भाषेतलं साधन टिपा बहुतांशी सांभाळतं, जागच्या जागी बदलही करतं. दोन्हींची भाषा बरीचशी जेक्यूसारखी. कोणतं बसवलंय हे आधी बघा, कारण इंटरनेटवरची उत्तरं कोणत्या वायक्यूची आहेत हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

बाकीच्या मांडण्या भरभर सांगतो. चौकोनी कंसात विभागाचं नाव आणि खाली सेटिंग, अशी आयएनआय फाईल असेल तर क्रुडिनी नावाचं साधन आहे. ते नसेल तर गिटची, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची, कॉन्फिग आज्ञा तशा दिसणाऱ्या बऱ्याच फायली बदलून देते, फाईल कोणती ते सांगायचं एवढंच. एक्सएमएलला एक्सएमएलस्टारलेट, पत्ता एक्सपाथच्या रितीनं.

सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली राहतात त्या ईटीसी फोल्डरमध्ये मात्र प्रत्येक फाईलची बोली वेगळी. तिथं ऑजियस बघण्यासारखं आहे. रेड हॅटमध्ये डेव्हिड लुटरकॉर्ट यांनी सुरू केलेलं. प्रत्येक प्रकारच्या फाईलसाठी त्यात एक ‘लेन्स’ असते. तिच्यातून फाईल झाडासारखी दिसते, आणि झाडात केलेला बदल त्याच लेन्समधून उलटा फायलीत उतरतो. टिपा, रिकाम्या ओळी, मोकळ्या जागा जिथल्या तिथं. शिकायला जरा वेळ लागतो. पाच-दहा सर्व्हर सांभाळणाऱ्यानं तो द्यावा, एका दुकानासाठी नको. खरं तर एकाच फाईलमधला एकच शब्द बदलायचा असेल तर नॅनो या साध्या संपादकात उघडा आणि हातानं बदला. टर्मिनलच्या या करामती, काम तेवीस वेळा असतं तेव्हाच्या.

आधी फरक बघा

बदल करण्याआधी प्रत, बदल झाल्यावर डिफ. डिफ ही आज्ञा जुन्या-नव्यातल्या फक्त वेगळ्या ओळी दाखवते. एक शब्द बदलला आणि डिफनं चाळीस ओळी दाखवल्या, तर थांबायचं. जेक्यूच्या बाबतीत मात्र हे पहिल्यांदा होणारच, कारण ते अख्खी फाईल दोन-दोन जागा सोडून नव्यानं मांडतं. त्यावर उपाय सोपा: आधी नुसतं टिंब देऊन, काहीही न बदलता, फाईल जेक्यूतून एकदा काढून जतन करा. पुढच्या वेळी डिफमध्ये खरोखर बदललेलीच ओळ दिसेल. ईटीसीतल्या फायली असतील तर ईटीसीकीपर ते फोल्डर गिटमध्ये ठेवतं, कुणी केव्हा काय बदललं ते राहतं.

फाईलची मांडणी बरोबर असली तरी आतला मजकूर त्या प्रोग्रॅमला पटेल असं नाही. ते त्यालाच विचारायचं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला वजा टी दिलं की तो सेटिंग तपासून सांगतो, चालू सर्व्हरला धक्का न लावता. दूरवरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडीलाही तसंच वजा टी आहे. सुडोच्या, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या आज्ञेच्या, परवानग्यांची फाईल तर नेहमी व्हायसुडोनंच उघडावी. ते एका वेळी एकालाच बदलू देतं, आणि जतन करताना व्याकरण चुकलं असेल तर जुनी फाईल हातची जाऊ देत नाही.

एसएसएचडीचं मला खानापुरात कळलं. म्हणजे खानापूरच्या दुकानातल्या सर्व्हरवर, बेळगावात बसून. सेडनं एक ओळ बदलली, एक अक्षर जास्त पडलं, न तपासता सेवा पुन्हा सुरू केली आणि खिडकी बंद केली. चालू असलेलं लॉगिन तसं तुटत नाही. ती खिडकी उघडी ठेवली असती तर तिथूनच दुरुस्त झालं असतं. बंद केल्यावर नवं लॉगिन घेणारं कुणी उरलं नव्हतं. जुलैचा महिना, खानापूरचा पाऊस, पंचवीसेक किलोमीटर मोटरसायकलवर. पोचल्यावर पोत्यांच्या मागनं मॉनिटर काढून जोडला, एक अक्षर खोडलं, सेवा सुरू केली. दोन मिनिटांचं काम. दुकानदारानं टॉवेल दिला, चहा मागवला, आणि विचारलं, “एवढ्यासाठी आलासा?”